नळाचं पाणी, अमोनिया आणि घरचा फिश टँक: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पाणी बदललं आणि मासे गेले’ ही तक्रार आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात जास्त ऐकू येते. खापर बहुतेक वेळा क्लोरीनवर फुटतं. कधी ते बरोबर असतं, पण बऱ्याचदा खरा गुन्हेगार अमोनिया असतो, आणि त्याच्यावर क्लोरीनचे उपाय चालत नाहीत. खालची उत्तरं गोड्या पाण्यातल्या माशांपुरती आहेत. ‘टाकी’ म्हणजे गच्चीवरची आणि ‘टँक’ म्हणजे माशांचा, असं धरून वाचा.

पाणी शुद्ध करून सोडतात ना? मग त्यात अमोनिया येतो कुठून?

सांडपाणी, कुजका पाला आणि शेतातून वाहून आलेला युरिया, या तिन्हींतून तो नदीत येतो. वाहत्या पाण्यात हवा भरपूर असते, तिथं जीवाणू त्याचं हळूहळू नायट्रेट करून टाकतात. मार्च ते मे मध्ये पंचगंगेची धार बारीक होते, बंधाऱ्यांमागं पाणी नुसतं उभं राहतं आणि वरून मिसळणारं सांडपाणी मात्र तेवढंच असतं. तेव्हा जीवाणूंचं काम अर्धवट राहतं. पहिल्या पावसात उसाच्या रानांतलं आणि ओढ्यांत साठलेलं सगळं एकदम धुऊन येतं, तो दुसरा धोक्याचा काळ.

शुद्धीकरण केंद्रात तुरटी गाळ बसवते आणि वाळूची गाळणी तो अडवते. विरघळलेला अमोनिया या दोन्हींतून बराचसा पार होतो. पुढं त्याची गाठ क्लोरीनशी पडते. अमोनियातला १ भाग नायट्रोजन पूर्ण मोडायला वजनानं ८ ते १० भाग क्लोरीन लागतं. तेवढं नसेल तर दोघं मिळून क्लोरामाइन नावाचा तिसराच पदार्थ तयार होतो. काही देशांत पाणी जास्त काळ निर्जंतुक राहावं म्हणून तो मुद्दाम बनवतात. आपल्याकडे कच्च्या पाण्यात अमोनिया वाढला की तो कुणी न बनवताही नळाला येऊ शकतो.

२०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात आलं. धरणाचं पाणी नदीच्या उपशापेक्षा सहसा बरं असतं. पण शहराला आजवर पंचगंगा-भोगावतीवरच्या शिंगणापूर आणि बालिंग्याच्या उपशानंही पाजलंय. तुमच्या गल्लीत आज कुठलं पाणी आलं, ते नळाकडं बघून सांगता येत नाही. ‘आता धरणाचं पाणी आहे, काळजी नाही’ असं म्हणून मोजणं सोडू नका.

कधीकधी नदीचा काही संबंधच नसतो. गच्चीवरच्या टाकीचं झाकण तुटलेलं, आत पाला, तळाला बोटभर गाळ, आणि एखादी मेलेली पाल. त्या टाकीत क्लोरीन संपतं आणि अमोनिया तयार होतो. मग थेट नळाचं पाणी ठीक दिसतं आणि बाथरूमच्या तोटीचं नाही.

माझ्या पाण्यात अमोनिया आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

मोजूनच. वासानं किंवा चवीनं कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अमोनियाचा वास लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या आसपास जाणवू लागतो, आणि चव ३५ मिलिग्रॅमला. मासे त्याच्या कितीतरी आधी संकटात असतात.

थेंबांचं किट घ्या. दोन प्रकार मिळतात. एकात दोन बाटल्या असतात आणि पाणी पिवळ्याचं हिरवं होतं, ते सॅलिसिलेटचं. दुसऱ्यात पिवळ्याचं तपकिरी होतं, ते नेसलरचं. पहिलं घ्या. नेसलरमध्ये पारा असतो, शिवाय पाण्यात अँटी-क्लोरीन टाकलेलं असेल तर ते खोटं दाखवू शकतं. पट्ट्या घेणार असाल तर डबा नीट वाचा. नेहमीच्या पाच-सहा-रंगी पट्टीत अमोनियाचा चौकोन बहुधा नसतोच, तो वेगळा विकत घ्यावा लागतो.

चार ठिकाणचं पाणी तपासा: थेट नळाचं, गच्चीवरच्या टाकीचं, टँकमधलं आणि बाटलीबंद विकतचं. चौथं पाणी किटची परीक्षा घ्यायला. तिथंही किट ०.२५ पीपीएम (म्हणजे लिटरमागं ०.२५ मिलिग्रॅम) दाखवत असेल तर पाण्यात काही नाही, किट जुनं झालंय किंवा तुम्ही रंग चुकीचा वाचताय. थेंब टाकल्यावर किटवर लिहिलेली मिनिटं मोजून थांबा आणि नळी पांढऱ्या कागदापुढं धरून दिवसाच्या उजेडात बघा. टँकच्या निळसर एलईडीखाली पिवळा रंगही हिरवा वाटतो, आणि विनाकारण धावपळ होते.

एक बारकावा. सॅलिसिलेटचं किट क्लोरामाइनमधला अमोनियाही मोजून दाखवतं. ते चुकीचं नाही. क्लोरामाइन मोडलं की तेवढा अमोनिया तुमच्या टँकमध्ये उतरणारच असतो.

किती निघाला म्हणजे घाबरायचं?

याचं उत्तर पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, विचारल्याशिवाय देता येत नाही, आणि दुकानात नेमकं हेच कुणी विचारत नाही.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत राहतो. एक अमोनियम, ज्याचा माशांना फारसा त्रास नाही. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतो. किट दोन्हींची बेरीज दाखवतं. वाटणी पीएचवर ठरते. पाणी २५ अंशांचं असेल तर पीएच ७ ला एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो, ७.५ ला पावणेदोन टक्के, ८ ला साधारण साडेपाच टक्के आणि ८.५ ला पंधरा टक्के. पाणी तापलं की हा आकडा आणखी चढतो.

मुक्त अमोनिया ०.०२ पीपीएमच्या वर गेला की सावध व्हायचं, ०.०५ च्या पुढं कल्ल्यांना इजा सुरू होते. आता किटनं १ पीपीएम दाखवलंय असं समजा. पीएच ७ असेल तर मुक्त अमोनिया ०.००६ च्या आसपास, मासे मजेत. पीएच ८.५ असेल तर ०.१५, म्हणजे संध्याकाळपर्यंत मासे पाण्याच्या वरच्या थरात लोंबकळलेले. किटचा आकडा दोन्ही घरांत तोच.

भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, पिण्याच्या पाण्यातल्या अमोनियाची मर्यादा ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. त्याच मानकात पीएच ६.५ ते ८.५ चालतो. म्हणजे कागदावर शंभर टक्के बरोबर असलेलं पाणीही माशांना त्रासाचं ठरू शकतं. मानक माणसांसाठी लिहिलंय, तक्रार करून उपयोग नाही.

पीएच मोजतानाही घाई नको. नळीतून दाबानं आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळं ताज्या पाण्याचा पीएच कमी दिसतो. ग्लासभर पाण्यात रात्रभर एअर पंपाची नळी सोडा आणि सकाळी परत मोजा. तो दुसरा आकडा खरा.

पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर अमोनिया उडून जात नाही का?

नाही. साधं क्लोरीन जातं, पसरट भांड्यात आणि हवा सोडली तर एका दिवसात. क्लोरामाइन तसं जात नाही. आणि नळाच्या पाण्याच्या पीएचला अमोनिया बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो, तो वाफेसारखा उडत नाही. कारखान्यांत हवेनं अमोनिया उडवतात ते आधी पाण्याचा पीएच ११ च्या घरात नेऊन. घरच्या बादलीत ते होत नाही.

‘आमच्या वडिलांच्या वेळेपासून पाणी शिळं करूनच टाकतोय’ हे खरंच आहे. ती पद्धत क्लोरीनसाठी होती आणि क्लोरीनला आजही चालते.

दुकानातून अँटी-क्लोरीन आणलंय. तेवढं पुरे?

क्लोरीनला पुरे, अमोनियाला नाही. स्वस्तातल्या अँटी-क्लोरीनमध्ये सोडियम थायोसल्फेट असतं. ते क्लोरीन मारतं आणि क्लोरामाइनही मोडतं, पण मोडल्यावर त्यातला अमोनिया पाण्यात मोकळा करतं. २ पीपीएम क्लोरामाइन मोडलं की साधारण ०.४ पीपीएम अमोनिया सुटतो. म्हणून कधीकधी औषध टाकल्यावर किटचा आकडा होता तिथंच राहतो आणि लोकांना वाटतं की औषध बनावट आहे.

ते म्हणजेच हायपो ना? खडे मिळतात ते वापरले तर चालतील?

तेच. फिल्म धुताना फिक्सर म्हणून जे वापरायचे ते हायपो. सिनेमावाल्या आपल्या गावाला हा खडा काही नवीन नाही. १०० लिटर नव्या पाण्याला १ ग्रॅम पुरतो, आणि थोडा जास्त झाला तरी बिघडत नाही. खडे कोरडे आणि घट्ट झाकणात ठेवा. विरघळवून ठेवलेलं पाणी महिनोन्‌महिने वापरू नका, त्याचा जोर जातो.

मग ‘प्राइम’सारखं महागाचं कंडिशनर घ्यावं का?

नळाला वरचेवर अर्ध्या पीपीएमच्या वर अमोनिया येत असेल आणि टँक नवीन असेल, तर एक छोटी बाटली घरात असावी. सीकेम प्राइमचं प्रमाण २०० लिटरला ५ मिली आहे. क्लोरीन, क्लोरामाइनवर ते चोख काम करतं. अमोनिया एक-दोन दिवस बिनविषारी रूपात बांधून ठेवतं असा कंपनीचा दावा आहे, त्यावर मात्र जाणकारांत एकमत नाही. माझं मत विचाराल तर तो वेळ मिळवण्याचा उपाय आहे, त्याच्या जिवावर रोज पाणी ओतत बसू नये.

ते टाकल्यावरही किट अमोनिया दाखवतच राहतं, कारण किट बांधलेला आणि मोकळा असा भेद करत नाही. आकडा उतरेना म्हणून परत परत डोस देऊ नका. जास्त डोसानं पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे त्यानंच गुदमरतात.

नळालाच अमोनिया असेल तर पाणी बदलायचं तरी कशाला?

बदलायचं, पण हिशेब करून.

१०० लिटरचा टँक आहे आणि नळाला १ पीपीएम येतंय. २५ लिटर बदललं तर टँकमध्ये ०.२५ पीपीएम वाढेल, ५० लिटर बदललं तर ०.५. सहा महिने नीट चाललेल्या फिल्टरला ०.२५ म्हणजे नाश्ता. तिथले जीवाणू तो काही तासांत, फार तर एका दिवसात संपवतात. एकदम ०.५ आणि वर पीएच ८ असेल तर त्या मधल्या तासांत माशांचे हाल होतात. म्हणून नळाला अमोनिया आहे त्या दिवसांत आठवड्यातून एकदा निम्मं पाणी बदलण्याऐवजी दर दोन-तीन दिवसांनी दहावा हिस्सा बदला. त्या दिवशी खाणं अर्धं करा, कारण माशांच्या खाण्यातूनही अमोनियाच तयार होतो आणि फिल्टरची ताकद दोघांत वाटली जाते.

लिटर माहीत नसतील तर: एका घनफुटात २८ लिटर. दोन फुटी टँक, एक फूट रुंद आणि एक फूट उंच, काठोकाठ ५६ लिटरचा. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर ५० धरा.

पाणी सकाळी लवकर बदला. टँकमध्ये झाडं भरपूर असतील तर दिवसभरात ती कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि दुपारपर्यंत पीएच चढतो. पहाटे तो सगळ्यात कमी असतो.

आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका! सगळी मदार ज्या जीवाणूंवर आहे ते क्लोरीननं मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, बस्स. स्पंज मळकट दिसला म्हणून साबण लावणारेही आहेत, त्यांना कोपरापासून नमस्कार.

पाणी आधीच शुद्ध करून ठेवण्याची एखादी सोय घरी करता येईल?

येईल, आणि मला सगळ्यात भरवशाची वाटते ती हीच. झाकणाचा एक प्लास्टिक बॅरल घ्या, ५० किंवा १०० लिटरचा, पूर्वी त्यात रसायन नसलेला. चालू टँकमध्ये महिना-दीड महिना एक जादा स्पंज फिल्टर चालवा, म्हणजे त्यात जीवाणूंची वस्ती होते. बॅरल भरा, हायपो टाका, दहा-पंधरा मिनिटं हवा सोडून ढवळा आणि मग तो मुरलेला स्पंज एअर पंप लावून आत सोडा. क्रम चुकवू नका. हायपोच्या आधी स्पंज गेला तर त्याचे जीवाणूही गेले.

एक-दोन दिवसांत बॅरलमधला अमोनिया शून्यावर येतो. त्याचं नायट्रेट झालेलं असतं आणि तेवढं नायट्रेट मासे सहज सोसतात. मोजून खात्री करा आणि टँकमध्ये ओता. मधल्या दिवसांत बॅरल रिकामा राहणार असेल तर स्पंज परत टँकमध्ये टाकून ठेवा, नाहीतर जीवाणू उपाशी मरतात. पाण्याचं तापमानही खोलीइतकं होतं, हा आणखी फायदा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका लावण्याइतकं गार असतं, ते थेट टँकमध्ये ओतलं की माशांना पांढरे ठिपके यायला निमित्त मिळतं.

फ्लॅटमध्ये बॅरलला जागा नाही अशी अडचण असते. वीस लिटरच्या जारमध्येही हेच करता येतं, आणि दोन फुटी टँकला तेवढं पुष्कळ होतं.

नवीन टँक लावलाय. दुकानदार म्हणाला, ‘दोन दिवस पाणी फिरवा आणि मासे सोडा की.’ चालेल?

दोन दिवसांत पाणी स्वच्छ दिसतं. अमोनिया खाणारे जीवाणू मात्र जमायला चार ते सहा आठवडे लागतात. एका गटाचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. मधलं नायट्राइटही विषारीच. पहिले आठ-पंधरा दिवस किटवर अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागतं. तेव्हा टँक तयार झाला म्हणायचं.

नळाच्या अमोनियाचा इथं चक्क उपयोग होतो, कारण त्या जीवाणूंचं खाद्य तेच आहे. मासे न सोडता टँक चालवत असाल तर १-२ पीपीएम अमोनियाचं पाणी बिनधास्त भरा, फक्त क्लोरीन काढून. ओळखीच्या माणसाकडून त्याच्या जुन्या फिल्टरमधला स्पंजाचा एक तुकडा मिळाला तर महिन्याचं काम आठवड्यावर येतं. तुकडा पिशवीत टँकच्याच पाण्यात बुडवून आणा, रंकाळ्यावर भेळ खाऊन मग घरी असं करू नका.

बाटलीतले जीवाणू? काही कामाचे असतात, काही उन्हात पडून मेलेले. बाटलीवरून सांगता येत नाही.

पाण्याला मोजून शून्य अमोनिया येतो, तरी पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी मासे मरतात. का?

महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टँकमध्ये हे होतं, आणि दोष नळाला मिळतो. जीवाणू अमोनिया खाताना पाण्यातला क्षारपणा (पीएच घसरू न देणारा साठा) वापरतात: १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागं जवळपास ७ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानं. नवं पाणी येत नसेल तर हा साठा संपतो आणि पीएच घसरत ६ च्या खाली जातो. तिथं जीवाणूंचं काम जवळजवळ थांबतं आणि अमोनिया साठत जातो. पण पीएच इतका कमी असल्यानं तो सगळा अमोनियमच्या रूपात, म्हणून मासे जिवंत दिसतात.

मग पाहुणे येणार म्हणून एका रविवारी निम्मं पाणी काढून पीएच पावणेआठचं नळाचं पाणी भरलं जातं. टँकचा पीएच तासाभरात चढतो आणि साठलेला अमोनिया मुक्त होतो. नळाच्या पाण्यात काहीच वाईट नव्हतं. असा जुना टँक रोज पाच-दहा टक्के पाणी बदलून, आठ-दहा दिवसांत हळूहळू ताळ्यावर आणायचा असतो.

तुरटी फिरवली तर? खडे मीठ? निळं औषध?

तुरटी गढूळपणा घालवते, अमोनिया नाही, वर पाण्यातला क्षारपणा खाते. मीठ नायट्राइटच्या विषावर उपयोगी आहे, अमोनियावर नाही. निळं औषध म्हणजे मिथिलिन ब्लू, ते फिल्टरचे जीवाणू मारतं, म्हणजे दुखण्यात भर.

आरओचं किंवा उकळलेलं पाणी वापरू का?

उकळून वेळ आणि गॅस जातो, अमोनिया बहुतांश तिथंच राहतो. आरओनं तो बराच कमी होतो, पण क्षारही निघून जातात आणि नुसत्या आरओच्या पाण्यात पीएच टिकत नाही. नळाच्या पाण्यात एक तृतीयांश आरओ मिसळणं ही चांगली तडजोड आहे. आरओमधून फेकलं जाणारं पाणी टँकला वापरू नका, काढून टाकलेलं सगळं त्यातच असतं.

आमच्याकडे बोअर आहे. ते बरं ना?

क्लोरीन नसतं, एवढं बरं. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि पीएच चढा, म्हणजे टँकमध्ये तयार होणारा थोडासा अमोनियाही तिथं जास्त बाधतो. उसाच्या पट्ट्यात बोअरला अमोनियापेक्षा नायट्रेट निघण्याची शक्यता जास्त, कारण खतातल्या अमोनियाचं मातीतच नायट्रेट होतं. नायट्रेटचंही किट मिळतं. मॉली, गप्पी अशा पाण्यात खुशाल राहतात, टेट्रांना ते मानवत नाही.

झिओलाइटची पिशवी खरंच काम करते?

करते. अमोनियम धरून ठेवणं हा त्या दगडाचा गुणच आहे. बॅरलमध्ये वापरा, टँकमध्ये फक्त अडचणीच्या वेळी, कारण तिथं तो फिल्टरच्या जीवाणूंचं खाद्य पळवतो. भरला की मिठाच्या दाट पाण्यात रात्रभर बुडवून, धुऊन परत वापरता येतो. म्हणजेच मीठ टाकलेल्या टँकमध्ये झिओलाइट ठेवू नये, धरलेला अमोनिया तो परत सोडतो. काळ्या कोळशाच्या कार्बनशी याची गल्लत करू नका. कार्बन क्लोरीन काढतो, अमोनिया नाही.

झाडं लावून फरक पडतो का?

पडतो, भरभर वाढणारी असतील तर. हायड्रिला, वॅलिसनेरिया, तरंगणारी कुठलीही वनस्पती अमोनियम आवडीनं घेते. मनी प्लांटची मुळं टँकमध्ये आणि पानं बाहेर ठेवली तरी चालतं. नदीतून किंवा रंकाळ्यातून आणलेलं झाड सरळ टँकमध्ये टाकू नका, त्याबरोबर जळवा, गोगलगायी आणि माशांचे परजीवी फुकट येतात.

पाणी बदललंय आणि मासे वर तोंड काढून धापा टाकतायत. आत्ता काय करू?

आधी एअर पंप पूर्ण जोरात. खाणं बंद. मग आठवा, अँटी-क्लोरीन टाकलं होतं का? पाणी ओतल्यावर काही मिनिटांत मासे सैरावैरा पळू लागले असतील तर क्लोरीन. पूर्ण टँकच्या लिटरांच्या हिशेबानं हायपो टाका, फक्त नव्या पाण्याच्या नाही.

काही तासांनी मासे सुस्त झाले, कल्ले लालभडक, पंख अंगाला चिकटलेले, असं असेल तर अमोनिया मोजा आणि पीएच मोजा. अमोनिया निघाला तर तेच नळाचं पाणी पुन्हा ओतू नका, घाबरून बहुतेक जण नेमकं तेच करतात. कंडिशनर असेल तर द्या, झिओलाइट असेल तर फिल्टरमध्ये ठेवा. काहीच नसेल तर पिण्याच्या पाण्याचा विकतचा जार आणा आणि टँकच्या तापमानाला आल्यावर पाव टँक त्यानं हळूहळू बदला. पीएच उतरवायला लिंबू, व्हिनेगर असलं काही टाकू नका. पीएच एकदम खाली-वर झाला तर वाचलेले मासेही जातात.

हेच पाणी आम्ही पितो. मग आमचं काय?

अर्धा-एक पीपीएम अमोनियानं माणसाला थेट अपाय होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं त्यासाठी आरोग्याची मर्यादाही ठरवलेली नाही. पण नदी-तळ्याच्या पाण्यात तो साधारण ०.२ च्या आत असतो. अचानक वाढला तर कुठंतरी सांडपाणी मिसळतंय अशी शंका घ्यायला हवी, शिवाय अशा पाण्यात क्लोरीनचा जोरही कमी पडतो. वास, गढूळपणा आणि अमोनिया एकत्र आले तर पाणी उकळून प्या, शेजाऱ्यांना सांगा आणि महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात तक्रार नोंदवा. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती पाण्यातूनच. माशांसाठी घेतलेल्या किटनं गल्लीतली फुटकी लाइन आधी कळली, तर किटचे पैसे वसूल.

महापुरात नळच बंद होतो. तेव्हा टँक कसा सांभाळायचा?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये उपसा केंद्रांत पुराचं पाणी शिरलं आणि शहर टँकरवर आलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की बॅरल भरून, हायपो टाकून तयार ठेवा. ४३ फुटांच्या धोक्याच्या रेषेपर्यंत वाट बघू नका, तोवर सगळी गल्ली पाणी भरत असते.

पुरात पाणी न बदलता आठ-दहा दिवस सहज काढता येतात, फक्त खाणं एक दिवसाआड आणि चिमूटभर द्या. मोठ्या माशांना आठवडाभर काही नाही दिलं तरी चालतं. खरी भीती वीज जाण्याची. फिल्टर चार-सहा तास बंद राहिला की आतले जीवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात, म्हणून डब्यातला स्पंज काढून टँकच्या पाण्यात तरंगत ठेवा. सेलवर चालणारा एअर पंप फार महाग नसतो, मे महिन्यातच घेऊन ठेवा.

पूर ओसरल्यावर नळाला पहिले काही दिवस येणाऱ्या पाण्यात क्लोरीनचा मारा जास्त असतो आणि सोबत अमोनियाही असू शकतो. हायपोचं प्रमाण दुप्पट करा, दहावा हिस्साच बदला आणि दर वेळी आधी नळाचं पाणी मोजा. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं ते ड्रायव्हरला विचारा, तो सांगतो.